चोवीस फटक्यांची सूट

"बाई, खरं सांगा, आमच्यापासून लपवू नका. धाकट्याला काय झालंय?"

अक्कांचा आवाज भिंतीपलीकडून आला तेव्हा मी गच्चीवरच्या कुरडया उतरवून नुकतीच खाली आले होते. आमच्या दोन घरांत छातीएवढी भिंत आहे. अलीकडे आमचा कढीपत्ता, पलीकडे त्यांचा नळ. देवळ्यातल्या निम्म्या बातम्या पेपरात यायच्या आधी या भिंतीवरून जातात. उरलेल्या निम्म्या पेपरात येतच नाहीत.

"काय व्हायचंय? चांगला बरा आहे की."

"मग दूधवाला काय सांगत होता? बाईंच्या पुण्याच्या मुलाला अडतीस हँडिकॅप निघालं म्हणे. आबा रात्री हळहळत होते, चाळीस टक्के असतं तर सर्टिफिकेट तरी मिळालं असतं, एसटीत सवलत असते. दोन टक्क्यांनी पोराचं हुकलं! आणि तुम्ही म्हणे फोनवर 'अरे वा, छान' म्हणालात. मी म्हटलं, बाईंनी धसका घेतलाय. डोक्यावर परिणाम झाला असंल."

दूध घेता घेता स्पीकरवर फोन घेऊ नये, हे मला तेव्हा कळलं.

"अक्का, तो गोल्फ खेळायला लागलाय. हँडिकॅप म्हणजे त्या खेळातली सूट. हातपाय शाबूत आहेत त्याचे."

अक्कांनी पदर सावरला. चेहऱ्यावरची काळजी ओसरली आणि तिच्या जागी थोडी निराशा आली. चांगली बातमी हातची गेली होती.

"गोल्फ म्हणजे ते नाशिकचं गोल्फ क्लब?"

यात अक्कांची काही चूक नाही. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला गोल्फ म्हणजे मैदान, खेळ नव्हे. त्या मैदानाचं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, २१ डिसेंबर १९०९ला विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणाऱ्या कान्हेऱ्यांचं. पण लोकांच्या तोंडी अजून 'गोल्फ क्लब'च. साहेब गेले, त्यांचा खेळ गेला, नाव तेवढं मागं राहिलं. आता तिथं रणजीचे सामने होतात, सभा होतात, पहाटे लोक चालायला येतात. अक्कांच्या सुनेचं माहेर त्याच बाजूला.

"मी गेलेय ना तिथं सुनेबरोबर. काठीनं चेंडू मारणारा एक माणूस दिसला नाही. काठीवाले होते, पण ते गुडघेदुखीचे."

"पुण्याला येरवड्यात आहे, पूना क्लबचं."

"येरवड्यात जेल आहे."

"जेलही आहे, गोल्फही आहे. मुंबईत चेंबूरला १९२७पासून बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे. त्याच्याही आधी १८४२ साली मुंबईत रॉयल बॉम्बे गोल्फ क्लब निघाला होता. कलकत्त्याचा तर १८२९चा. ब्रिटिश बेटांबाहेर त्याच्याइतका जुना दुसरा नाही."

"म्हणजे रेल्वेच्या आधी चेंडू आला," अक्का म्हणाल्या. त्यांचा कांदा आठवड्यापूर्वीच चाळीत पडला होता, त्यामुळं त्यांना वेळ होता. "बरं, खेळ काय? आणि अडतीस कसले?"

गणिताच्या बाईला असा प्रश्न विचारू नये. मी सुपली खाली ठेवली.

एका मैदानावर अठरा होल. प्रत्येकाला ठरलेला एक आकडा, पार. जवळच्या होलला तीन, मधल्याला चार, लांबच्याला पाच. चांगल्या खेळाडूला चेंडू आत घालायला एवढे फटके पुरतात. अठरांची बेरीज बहुतेक ठिकाणी ७२. ज्याचे फटके कमी, तो जिंकला. मारायला काठी उचलली, चेंडूला लागलीच नाही, हवेतून फिरून आली, तरी तो फटका मोजायचा. इरादा होता ना मारायचा! चेंडू झुडपात हरवला तर वर एक दंड.

"आमच्या धाकट्याचे पहिल्या वेळी ११८ झाले. त्याचे साहेब नव्वदीच्या आत येतात. मग दोघांनी एकत्र खेळायचं कसं? दर वेळी साहेबच जिंकणार. म्हणून सूट. याच्या फटक्यांतून अडतीस वजा, साहेबांच्या फटक्यांतून चौदा वजा. उरेल त्याची तुलना."

"म्हणजे लिंबूटिंबू."

"लिंबूटिंबूच, पण आकडा लावलेला."

"आणि आकडा कोण लावतं? साहेब?"

"साहेबांच्या हातात काही नाही. कार्ड लावतं."

मी विटेचा तुकडा घेऊन भिंतीवर लिहायला सुरुवात केली. अक्कांनी तेवढ्यात बजावलं की तुमच्या बाजूलाच लिहा, आमच्या बाजूला दिवाळीत रंग दिलाय. त्यामुळं पुढचं सगळं गणित त्यांनी भिंतीवरून वाकून उलटं वाचलं.

पोराची पहिली तीन कार्डं: ११८, ११२, ११५. चोपन्न होल खेळून झाले की हँडिकॅप मिळतो, म्हणजे अठरा होलांच्या तीन फेऱ्या पुरतात. आता मैदान किती अवघड, त्याचेही दोन आकडे कार्डावर छापलेले असतात. एक कोर्स रेटिंग, म्हणजे शून्य सुटीचा पट्टीचा खेळाडू तिथं साधारण किती फटके घेईल. दुसरा स्लोप, म्हणजे तेच मैदान तुमच्याआमच्यासारख्याला त्याच्या मानानं किती जास्त छळेल. स्लोप ५५पासून १५५पर्यंत असतो, प्रमाण धरलाय ११३. समजा रेटिंग ७०.५ आणि स्लोप १२०. त्याच्या सगळ्यात चांगल्या, ११२च्या कार्डातून ७०.५ गेले, उरले ४१.५. गुणिले ११३, भागिले १२०. आले ३९.१. तीनच कार्डं असताना सर्वांत चांगलं एकच धरतात आणि त्यातूनही दोन वजा करतात. राहिले ३७.१. हा त्याचा हँडिकॅप इंडेक्स, जगात कुठल्याही मैदानावर चालणारा. जिथं खेळायचं तिथल्या स्लोपनं तो परत गुणायचा, ११३नं भागायचा, रेटिंग आणि पारमधला फरक जमेस धरायचा. ३९.४मधून दीड गेला, ३७.९, पूर्णांकात अडतीस.

अक्का थोडा वेळ भिंतीकडं पाहत राहिल्या. "एवढा हिशेब विकास सोसायटीचा सेक्रेटरी करत नाही."

"२०२०पासून जगभर हीच पद्धत आहे. त्याआधी प्रत्येक मुलखाची वेगळी होती. बायकांना, पुरुषांना जास्तीत जास्त सूट आता सारखीच, ५४."

"बायकापण खेळतात?"

"अक्का, टोकियो विसरलात? ७ ऑगस्ट २०२१. आपण सगळे पहाटे उठून बसलो होतो. ती अदिती अशोक, एका फटक्यानं तिचं कांस्य गेलं, चौथी आली. त्याच संध्याकाळी नीरज चोप्राचं सोनं."

"तिला नव्हती का सूट? एक फटका दिला असता तर काय बिघडलं असतं?"

"तिथं सूट नाही. पट्टीच्या खेळाडूंना सगळे फटके रोख मोजतात. आपल्या पुण्याचा उदयन मानेही त्याच ऑलिंपिकला होता, त्यालाही नाही. सूट फक्त हौशी लोकांना."

इथं मला एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण धाकटा तिच्यापायी तोंड पाडून बसला होता. वीस कार्डं जमली की त्यातली सर्वांत चांगली आठ घेऊन त्यांची सरासरी काढतात. वाईट बारा सोडून देतात. म्हणजे हँडिकॅप ही तुमची रोजची सरासरी नव्हे, तुमच्या बऱ्या दिवसांची सरासरी. नवीन माणसाला वाटतं, अडतीसची सूट आहे म्हणजे दर रविवारी ७२ अधिक ३८, बरोब्बर ११० यायला हवेत. येत नाहीत. बहुतेक वेळा त्याहून दोनचार जास्तच येणार, आणि ते तसंच अपेक्षित आहे. हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. दर रविवारी तो नापास होऊन घरी यायचा. चाचण्यांचे गुण मी आयुष्यभर सगळे धरून सरासरी काढत आले. बारा वाईट सोडून द्यायची मुभा असती तर देवळ्यातल्या किती पोरांचं गणित सुटलं नसतं!

अक्कांच्या डोक्यात मात्र भलतंच चाललं होतं.

"बाई, पण मग जिंकायचं असेल तर माणसानं मुद्दाम वाईट खेळावं. सूट वाढवून घ्यावी. आणि बक्षिसाच्या दिवशी खरं खेळावं."

पाच मिनिटांपूर्वी जिला खेळ ठाऊक नव्हता, ती बाई या खेळातल्या सगळ्यात जुन्या लबाडीपर्यंत येऊन पोचली होती.

"असतात असे," मी म्हटलं.

"असणारच. कोपऱ्यावरच्या दुमजली घराचं रेशनकार्ड पाहिलंय का तुम्ही? पिवळं. दारात चारचाकी, पोरगं इंजिनिअर आणि कार्ड पिवळं. सूट आली की गरीब होणारे आलेच."

"त्यांच्याकडं चौकशी तरी होते. वाईट बारा कार्डं सोडून देतात ना, त्यामुळं एखादं पाडलेलं कार्ड कामी येत नाही. वीसातली निदान तेरा पाडावी लागतात. शिवाय वर्षभरातला तुमचा सर्वांत कमी इंडेक्स मशीन लक्षात ठेवतं. त्याच्यावर तीन चढला की पुढची वाढ निम्मीच धरतात, पाचच्या वर तर जाऊच देत नाहीत. आणि एखाद्या दिवशी कोणी आपल्या इंडेक्सपेक्षा सात फटक्यांनी किंवा जास्त चांगला खेळला, तर लगेच एक कापतात. दहानं खेळला तर दोन. वर क्लबाची कमिटी असतेच."

"कमिटी," अक्का म्हणाल्या. त्या एका शब्दात बरंच काही होतं. "आणि फटके मोजतं कोण? झुडपात काठी मारली, कोणी पाहिलं?"

हा खरा प्रश्न. क्रिकेटला पंच असतो, गोल्फला हौशी खेळात बरोबर कोणी चालत नाही. फटक्यांच्या स्पर्धेत तुमचं कार्ड तुमच्या जोडीदारानं लिहायचं, त्याचं तुम्ही. शेवटी दोघांनी सही करायची. सही झाली की विषय संपला. एखाद्या होलला खऱ्यापेक्षा कमी फटके लिहिलेले निघाले तर माणूस बाद. जास्त लिहिलेले निघाले तर ते जास्तच पक्के.

"जास्त कोण लिहील?"

मग मी त्यांना रॉबर्टो दे विचेंझोची गोष्ट सांगितली. अर्जेंटिनाचा मोठा खेळाडू, आदल्या वर्षी ब्रिटिश ओपन जिंकलेला. १९६८च्या एप्रिलची चौदा तारीख, अमेरिकेत मास्टर्सचा शेवटचा दिवस, आणि नेमका याचा पंचेचाळिसावा वाढदिवस. सुंदर खेळला. सतराव्या होलला तीन फटके घेतले, सगळ्या जगानं टीव्हीवर पाहिले. त्याचं कार्ड लिहिणारा टॉमी एरन. त्यानं चुकून तीनाच्या जागी चार लिहिले. बेरीज ६५ची ६६ झाली. दे विचेंझोनं न पाहता सही केली. ती एक रेघ बरोबर असती तर बॉब गोल्बीशी बरोबरी होऊन दुसऱ्या दिवशी दोघांचा फैसला झाला असता. नियम म्हणाला, सही केलीत, चारच. गोल्बी जिंकला.

"अगं माय!" अक्कांनी भिंतीवर हात मारला. "आणि तो लिहिणारा?"

"पाच वर्षांनी तीच स्पर्धा जिंकला."

"जिंकणारच. असल्यांचंच चांगलं होतं."

एरनची ती साधी चूक होती, त्यात खोट नव्हती, असं मी सांगून पाहिलं. अक्कांनी ऐकलं नाही. आबांना ओट्यावर हाक मारून त्यांनी सगळी गोष्ट नव्यानं सांगितली. त्या सांगण्यात एरन दे विचेंझोचा चुलतभाऊ झाला होता.

आबांचा प्रश्न व्यवहाराचा. "बाई, एका होलला पोराचे पंधरा झाले तर? अख्खा दिवस गेला ना?"

आबा बाजार समितीत आयुष्य घालवलेले. एका खराब ट्रॉलीनं काय होतं ते त्यांना सांगावं लागत नाही. मी फोन काढून धाकट्याचं कार्ड दाखवलं. सातवा होल, पार चार. शेजारच्या बारीक रकान्यात '३' छापलेलं. तो स्ट्रोक इंडेक्स, म्हणजे मैदानावरच्या अठरा होलांत हा तिसऱ्या नंबरचा अवघड धरलाय. सूट वाटताना त्या क्रमानं वाटायची. अडतीस म्हणजे प्रत्येक होलला दोन, आणि उरलेले दोन एक नंबरला नि दोन नंबरला. सातव्याला त्याची सूट दोन. तिथं त्यानं घेतले अकरा. पेन्सिलीनं अकरा लिहून त्याभोवती त्यानं इतका घट्ट गोल काढलाय की फोटोतसुद्धा कागद फाटलेला दिसतो.

"हे अकरा हँडिकॅपसाठी अकरा धरत नाहीत. पार चार, अधिक त्याची सूट दोन, अधिक आणखी दोन. आठाच्या वर काही मोजायचं नाही. एका होलनं माणूस बुडू नये म्हणून."

"आणि स्पर्धेत?"

"साध्या फटक्यांच्या स्पर्धेत अकराच. म्हणून नव्यानं त्या वाटेला जाऊच नये, असं माझं मत." खेळता येत नसलं तरी मत द्यायला काय जातं! "नव्यासाठी स्टेबलफर्ड. लिव्हरपूलजवळ वॉलसी म्हणून गाव आहे, तिथं डॉक्टर फ्रँक स्टेबलफर्ड नावाचे सर्जन होते. समुद्रावरचा वारा असा की दोनतीन होलांतच लोकांचं कार्ड वाया जायचं, मग खेळात जीवच उरायचा नाही. त्यांनी गुणांची पद्धत काढली, १९३२च्या मे महिन्यात तिथं पहिली स्पर्धा झाली. सूट वजा करून पारइतके आले तर दोन गुण. एक जास्त, तर एक गुण. एक कमी, तीन. दोन कमी, चार. आणि पारहून दोन जास्त झाले की शून्य. त्याखाली काही नाही. धाकट्याला सातव्याला सहा आले असते तर दोन गुण, सात आले असते तर एक. आठ झाले की चेंडू खिशात घालून पुढं चालायचं. अकरा व्हायची वेळच येत नाही, मागच्यांचा खोळंबाही होत नाही. अठरा होलांत छत्तीस गुण झाले, की आपल्या सुटीइतकं खेळलो."

"डॉक्टर शहाणा होता," आबा म्हणाले. "पास-नापास ठेवलं, उणे गुण नाहीत."

बाकीचे प्रकार मी पटापट उरकले, कारण अक्कांचं दूध गॅसवर होतं. कंपनीच्या सहलींत स्क्रॅम्बल असतं: चौघं मारतात, त्यातला सगळ्यात बरा चेंडू निवडायचा, पुढचा फटका चौघांनी तिथूनच मारायचा. नवख्याची लाज झाकली जाते, आणि दिवसभरात त्याचा एखादा जरी फटका निवडला गेला तरी तो वर्षभर सांगत फिरतो. आमचा फिरतो. फोरबॉलमध्ये दोघांची जोडी, प्रत्येकाचा चेंडू वेगळा, दोघांतला चांगला आकडा धरायचा. फोरसममध्ये दोघांत चेंडू एकच, फटके आळीपाळीनं. एकानं वाळूत घालायचा, दुसऱ्यानं काढायचा.

"हे शेवटचं नवरा-बायकोनं खेळू नये," अक्का म्हणाल्या. आबा काही बोलले नाहीत.

"खेळतात की. नवरा-बायकोच्या स्पर्धाच असतात."

"आणि घरी एकाच गाडीतून जातात?"

दूध उतू गेल्याचा वास आला. अक्का पळाल्या, गॅस बंद करून तितक्याच वेगानं परत आल्या. मुख्य बातमी अजून मिळालेली नव्हती, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं.

"ते राहू द्या. पोरगा साहेबाबरोबर खेळला का नाही?"

"खेळला. मॅचप्ले."

मॅचप्लेमध्ये एकूण फटके मोजत नाहीत, होल मोजतात. या होलला तुझे कमी, होल तुझा. बरोबरी झाली तर कोणाचाच नाही. सूट फक्त फरकाची. साहेबांची चौदा, याची अडतीस, फरक चोवीस. साहेब सूट न घेता खेळणार आणि याला चोवीस फटके माफ: अठरा होलांना एकेक, शिवाय इंडेक्स एक ते सहाच्या अवघड होलांना आणखी एकेक. साहेबांनी पाच घेतले आणि यानं सहा, तर साध्या होलला बरोबरी. अवघड होलला याचे सात झाले तरी बरोबरी, सहा आले तर होल याचा. इथं याचे अकराही फार नडत नाहीत. एक होल गेला, पुढच्या होलला पाटी कोरी.

"पहिल्या सहांत साहेब दोन होलांनी पुढं होते. मग त्यांचा चेंडू दोनदा पाण्यात गेला. याचा गेला नाही, कारण याचा तेवढ्या लांब जातच नाही. सोळाव्या होलला खेळ संपला. तीन आणि दोन."

"म्हणजे?"

"तीन होलांची आघाडी, दोनच होल शिल्लक. भरून निघायचं कसं? हात मिळवायचे."

"आघाडी कोणाची?"

"धाकट्याची."

अक्का भिंतीला टेकल्या. ओट्यावर आबांनी पेपर खाली ठेवला.

"साहेबाला हरवलं?" अक्कांचा आवाज एकदम खाली आला, शेजारच्या गल्लीला ऐकू जाऊ नये इतका. "बाई, अक्कल आहे का पोराला? शेवटी दोनतीन चेंडू टाकायचे ना पाण्यात!"

"मीही तेच म्हटलं. तो म्हणाला, मुद्दाम हरलो असतो तर साहेबांना लगेच कळलं असतं. फटका मारणाऱ्याला दुसऱ्याचा खोटा फटका दिसतो म्हणे."

"साहेब काय म्हणाले?"

"हसले. हात मिळवला. चहा पाजला. आणि म्हणाले, पुढच्या महिन्यात तुझा अडतीस राहायचा नाही."

"बघा," आबा ओट्यावरून म्हणाले, "सूट कापायला निघाले."

"आणि पगारवाढ?" अक्कांनी विचारलं. "ती कधी असते यांच्यात?"

"जूनमध्ये पत्रं निघतात."

"साहेबच ठरवतात?"

"साहेबच."

अक्कांनी कढीपत्त्याच्या दोन डहाळ्या तोडून घेतल्या. मला न विचारता. तेवढा हक्क त्यांचा आहेच. जाता जाता म्हणाल्या, "जूनमध्ये फोन आला की स्पीकरवर घ्या. दूधवाल्याला मी थांबवून ठेवते."